पुढची गाडी कोणत्या कंपनीची घ्यावी? खान्देशवाल्यांनी शोरूमच्या आधी वर्कशॉप बघा

"कोनती गाडी लेवानी भो?" हा प्रश्न आपल्याकडे आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) महिनाभर आधी सुरू होतो तो दसरा-दिवाळी होईपर्यंत थांबत नाही. उत्तर पण ठरलेलंच राहतं, ज्याच्या दारात जी गाडी उभी तो तीच कंपनी सांगतो. मारुतीवाला म्हणतो दुसरीकडे बघूच नको, टाटावाला दरवाजा धाडकन लावून आवाज ऐकवतो, महिंद्रावाला म्हणतो शेतात घालायची असेल तर आपलीच. तिघंही खोटं बोलत नाहीत, पण ते त्यांच्या रस्त्याचं आणि त्यांच्या खिशाचं सांगून राहिले.

माझं मत आधीच सांगून टाकतो, ज्याला पटत नाही त्याचा वेळ वाचेल. खान्देशात आधी कंपनी ठरवावी, मॉडेल नंतर, आणि कंपनी ठरवताना पहिलं बघायचं ते म्हणजे तिचं वर्कशॉप तुमच्या घरापासून किती लांब आहे आणि ते कसं चालतं. पुण्या-मुंबईत हे एवढं बघावं लागत नाही, तिथे सगळ्यांचे सर्व्हिस सेंटर जवळपास असतात, मॉडेल आवडलं की झालं. आपल्याकडे धडगाव, अक्कलकुवा, बोदवड, रावेर इकडच्या माणसाला गाडी सर्व्हिसिंगला टाकायची म्हणजे अख्खा दिवस गेला, आणि पार्ट नाही मिळाला तर अजून एक दिवस गेला, वरून घरी यायला एसटी.

आधी स्वतःचा वापर लिहून काढा

खरंच कागदावर लिहा. रोज किती किलोमीटर, त्यातले हायवेचे किती, गावरस्त्याचे किती, वर्षातून कितीदा पाच-सहा जण बसून लांब जातात. सुरत-नागपूर हायवेवर जळगाव ते धुळे रोज-आड-रोज करणारा व्यापारी आणि घरून मळ्यात तीन किलोमीटर जाऊन परत येणारा केळीवाला, या दोघांची गाडी एक राहूच शकत नाही. चाळीसगाववाल्यांना कन्नड घाट आहे, धुळ्याला लळिंग, नंदुरबारला तोरणमाळ. पावसाळ्यात काळ्या मातीत रस्ता कुठे संपला नि शेत कुठे सुरू झालं कळत नाही, त्यामुळे ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे गाडीचं पोट जमिनीपासून किती उंच, हा आकडा इथे शोभेचा नाही. आणि तो आकडा साधारण रिकाम्या गाडीचा दिलेला असतो, पाच जण आणि डिक्कीत धान्याचं एक पोतं टाकलं की गाडी बरीच बसते, शोरूमवाला हे स्वतःहून सांगणार नाही.

वर्कशॉपला सोमवारी सकाळी जा

शोरूममध्ये एसी, कॉफी, फुगे सगळं असतं, त्यावरून काहीच कळत नाही. सोमवारी सकाळी साडेनऊच्या सुमारास मागच्या बाजूला वर्कशॉपमध्ये जा, तेव्हा गर्दी जास्त असते. गेटवर गाड्यांची लाइन आहे का, सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर जॉबकार्ड बनवताना गाडीभोवती एक चक्कर मारतो की बसल्या जागी लिहितो, ग्राहकाने सांगितलेली तक्रार त्याच्याच शब्दात लिहितो की नुसतं "जनरल चेकअप" टाकतो, हे दहा मिनिटं उभं राहून बघा.

मग बॉडीशॉपकडे, म्हणजे ठोकलेल्या गाड्यांचं पत्रा-रंगाचं काम होतं तिकडे या. तिथे कोपऱ्यात उभ्या गाड्यांच्या काचा बघा. ज्या गाडीच्या काचेवर धूळ इतकी जमली की पोरांनी बोटाने नावं काढून ठेवलीत, बंपर काढून सीटवर ठेवलाय, चाकातली हवा पण उतरलीय, तिच्याविषयी कुठल्या तरी फिटरला सहज विचारा, भाऊ ही कधीपासून आहे. इन्शुरन्सचा क्लेम अडकला असेल तर तो वेगळा विषय, पण "पार्ट येऊन राहिला" असं उत्तर दोन-तीन गाड्यांबद्दल आलं तर समजून घ्या. ती गाडी उद्या तुमची असू शकते.

नंतर पार्ट्सच्या काउंटरवर पाच गोष्टींचे भाव विचारा: पुढची काच, एक हेडलाइट, पुढचा बंपर, साइड मिरर आणि क्लच सेट. हेच पाच का, तर आपल्याकडे रात्री रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली किंवा आडवं आलेलं रानडुक्कर यात पुढची बाजूच जाते, आणि बाजाराच्या दिवशी गल्लीत आरसा. आताच्या एलईडी हेडलाइटचा अख्खा सेट बदलायची वेळ आली की भाव ऐकून माणूस खाली बसतो. भावासोबत हे पण विचारा की आज इथे स्टॉकमध्ये काय आहे आणि नसेल तर किती दिवसांत येतं. दोन-तीन कंपन्यांचे हेच आकडे शेजारी शेजारी लिहिले की अर्धा निर्णय तिथेच होतो.

बाहेरच्या मेकॅनिकला पण विचारा. वॉरंटी संपल्यावर निम्मे लोक त्याच्याकडेच जातात. स्विफ्ट, वॅगनआर, बोलेरो हे आपल्या गावातली गॅरेजवाली पोरं डोळे झाकून खोलतात, पण टर्बो पेट्रोल त्यात ड्युअल क्लच ऑटोमॅटिक (दोन क्लचचा आपोआप बदलणारा गिअरबॉक्स) असं काही आणलं की तो हात जोडतो, भाऊ हिला कंपनीतच न्या, माझ्याकडे स्कॅनर नाही. ते गिअरबॉक्स वाईट असतात असं नाही, चालवायला मस्त राहतात, पण घाटात ट्रकच्या मागे मुंगीच्या पावलाने चढताना क्लच तापतो आणि अशा वेळी जवळ जाणकार माणूस नसेल तर जीव टांगणीला लागतो.

टेस्ट ड्राइव्ह दुपारी दोनला

सकाळी थंड हवेत किंवा संध्याकाळी घेतलेली टेस्ट ड्राइव्ह खान्देशात काही कामाची नाही. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ च्या वर जातो, हे नवीन सांगायला नको. शक्य असेल तर उन्हाळ्यातच गाडी बघा, दुपारी दोन-अडीचला, आणि शोरूमवाल्याला सांगा की गाडी तासभर उन्हातच राहू द्या, सावलीत घेऊ नका. मग घरची चार माणसं घेऊन बसा, आई किंवा आजी मागच्या सीटवर. एसी फुल करा आणि मागच्यांना विचारत राहा की गार लागलं का. पुढे बसणाऱ्याला दोन मिनिटांत बरं वाटतं, मागे कितीदा दहा-दहा मिनिटं भट्टीच राहते, खास करून मागे एसीचे व्हेंट नसतील तर. त्याच फेरीत गाडी उड्डाणपुलावर चढवून बघा, पाच माणसं आणि एसी चालू असताना छोट्या तीन सिलिंडर इंजिनाचा दम कळतो.

आजीला चढता-उतरताना गुडघ्याला किती त्रास होतो तेही तिथेच बघून घ्या. उंच एसयूव्ही पोरांना आवडते, आणि नऊवारी नेसलेल्या बाईला त्यात चढायला पाट ठेवावा लागतो.

सनरूफबद्दल एवढंच म्हणतो की तिच्यासाठी लाखभर जास्त देऊन लोक घेतात आणि मग फेब्रुवारी ते जून तिचा पडदा उघडत नाहीत. ज्याची त्याची हौस.

डिझेल, सीएनजी की पेट्रोल, यावरून पण कंपनी ठरते

एप्रिल २०२० ला बीएस-६ (धुराच्या प्रदूषणाचे कडक नियम) आलं तेव्हा मारुतीने डिझेल बंदच केलं. त्यामुळे डिझेल पाहिजे असेल तर महिंद्रा, टाटा, ह्युंदाई, किया आणि मोठ्या बजेटमध्ये टोयोटा, एवढेच मुख्य पर्याय राहतात. पण आधी कागदावरचा तो वापर बघा. बीएस-६ डिझेलला डीपीएफ नावाचा फिल्टर असतो, त्यात काजळी साचते आणि ती जळायला गाडी अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर चांगली गरम होऊन पळावी लागते. जो माणूस फक्त घर ते मळा करतो त्याच्या गाडीत तो फिल्टर चोक होतो, लाइट लागते, वर्कशॉपच्या फेऱ्या सुरू होतात. मग तो म्हणतो कंपनी भंगार आहे. कंपनी चांगलीच होती, इंजिन त्याच्या वापराचं नव्हतं. रोज लांब हायवे करणाऱ्याला मात्र डिझेलच परवडतं आणि ओढायला पण तेच.

सीएनजी घ्यायची तर कंपनी फिटेडच घ्या. मारुतीकडे यात सगळ्यात जास्त मॉडेल आहेत, टाटाने २०२३ मध्ये अल्ट्रोजपासून दोन लहान टाक्या खाली बसवायची आयडिया आणली त्यामुळे डिक्की वाचते, ह्युंदाईने पण नंतर तसंच केलं. लग्नसराईत बॅगा कुठे ठेवायच्या हा प्रश्न ज्यांना पडतो त्यांनी डिक्की उघडूनच बघावी. पंप तुमच्या नेहमीच्या रस्त्यावर आहे का आणि लाइन किती लागते हे मात्र स्वतः जाऊन बघायचं.

पेट्रोलवाल्यांसाठी एक गोष्ट. आता पंपावर २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं. एप्रिल २०२३ पासून बनलेल्या नव्या गाड्या त्याला चालतात, जुन्यांच्या रबरी पाइप-सीलला त्रास होऊ शकतो आणि मायलेज थोडं कमी होतं. सेकंड हँड बघत असाल तर मॅन्युअलमध्ये आणि पेट्रोल टाकीच्या झाकणाजवळ ई-२० लिहिलंय का ते बघा.

इलेक्ट्रिक घेणाऱ्याने बॅटरी थंड करायची सोय हवेवर आहे की लिक्विड कूलिंगची हे नक्की विचारावं, आपल्या उन्हाळ्यात याने फरक पडतो. आणि घरी स्वतःचा चार्जिंग पॉइंट नसेल, लाइट वारंवार जात असेल तर सध्या एकच गाडी म्हणून ती घेऊ नये असं माझं मत आहे, घरात दुसरी गाडी असेल तर बिनधास्त.

स्टार कंपनीला नसतात, मॉडेलला असतात

हा घोळ सगळ्यात जास्त. २०१८ मध्ये टाटाच्या नेक्सॉनला ग्लोबल एनकॅपचे, म्हणजे गाडी आदळवून सेफ्टी तपासणाऱ्या संस्थेचे ५ स्टार मिळाले, भारतात बनलेली ती पहिलीच ५ स्टारवाली गाडी, तेव्हापासून लोकांच्या डोक्यात बसलं की टाटा म्हणजे मजबूत आणि मारुती म्हणजे पत्रा. आता बघा, मारुतीच्याच वॅगनआरला २०२३ मध्ये १ स्टार मिळाला आणि त्याच मारुतीच्या नव्या डिझायरला २०२४ मध्ये ५. महिंद्राच्या स्कॉर्पिओ-एनला ५ स्टार आहेत आणि बोलेरो निओला २०२४ मध्ये १ मिळाला. म्हणजे कंपनीच्या नावावर डोळे झाकून विश्वास ठेवायचा नाही, तुम्ही घेताय त्याच मॉडेलचा निकाल बघायचा. ऑक्टोबर २०२३ पासून आपला भारत एनकॅप सुरू झालाय, त्यात मोठ्यांचे आणि लहान मुलांचे स्टार वेगळे दिलेले असतात. मुलं असतील तर दुसरा आकडा आधी वाचा. आणि स्टार किती का असेना, मागे बसलेल्याने बेल्ट लावला नाही तर काही उपयोग नाही, आपल्याकडे तो बेल्ट सीटच्या फटीत खुपसून ठेवायची पद्धत आहे.

कंपनी टिकेल का

शेवरोलेने २०१७ अखेर भारतात गाड्या विकणं बंद केलं, फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये कारखाने बंद करत असल्याचं जाहीर केलं, डॅटसन २०२२ मध्ये गेली. फोर्डची इकोस्पोर्ट चालवणारा माणूस अजून पण तिचं कौतुक करतो, गाडी होतीच तशी, पण विकायला काढली की घेणारा पहिला प्रश्न पार्टचाच करतो. म्हणून ज्या कंपनीची विक्री एकाच मॉडेलच्या जिवावर चालू आहे तिथे जरा थांबून विचार करा. विक्री चांगली असेल तर डीलर टिकतो, डीलर टिकला तर वर्कशॉप टिकतं.

याची उलटी गंमत पण आहे. फियाटच्या गाड्या भारतातून गेल्या पण तिचं १.३ मल्टिजेट डिझेल मारुतीच्या स्विफ्टमध्ये होतं, टाटाच्या गाड्यांमध्ये पण होतं, त्यामुळे ते खोलणारा मेकॅनिक आज पण तालुक्याला सापडतो.

जुळ्या गाड्यांचं पण ध्यानात ठेवा. टोयोटा ग्लान्झा म्हणजे मारुतीची बलेनो, रुमियन म्हणजे अर्टिगा, टायसर म्हणजे फ्राँक्स. आत इंजिन तेच. किया सोनेट आणि ह्युंदाई व्हेन्यू पण आतून नातेवाईकच. अशा वेळी ज्याचं वर्कशॉप जवळ आणि ज्याचा वेटिंग पिरियड कमी ते घ्यायचं, लोगोसाठी भांडत बसायचं नाही. आधी टोयोटाची वॉरंटी जास्त म्हणून लोक तिकडे जायचे, पण जुलै २०२४ पासून मारुतीने पण ३ वर्षं किंवा १ लाख किलोमीटर केली, त्यामुळे तो फरक राहिला नाही.

मग माझ्या मते कोणी काय घ्यावं

जिल्ह्याच्या गावापासून लांब राहता, गाडीतलं फार कळत नाही, फक्त चालली पाहिजे आणि पाच-सात वर्षांनी विकली गेली पाहिजे, तर मारुती. कंटाळवाणं उत्तर आहे, माहिती आहे, पण पार्ट तालुक्याच्या दुकानात मिळतो आणि जुनी मारुती घ्यायला गिऱ्हाईक दारात येतं. शेत, खराब रस्ता, सातपुड्याकडची चढण, माणसं जास्त, तर महिंद्रा, वरून नाशिकला त्यांचा कारखाना असल्याने आपल्या भागात या गाड्या जाणणारे लोक भरपूर आहेत. सेफ्टीला पहिला नंबर देणारा आणि बजेट दहाच्या आसपास असणारा टाटा बघेलच, बघावी पण, फक्त वर्कशॉपवाली तपासणी तिथे जास्त काटेकोर करा कारण एकाच कंपनीचा एक डीलर चांगला आणि दुसरा वैताग असं होतं. ह्युंदाई-किया आतून छान, फीचर भरपूर, शहरात राहणाऱ्या नोकरदाराला बरी. टोयोटा महाग पण ज्याला दहा-बारा वर्षं गाडी ठेवायची आणि अफाट फिरायचं त्याचे पैसे वसूल होतात, ट्रॅव्हल्सवाले इनोव्हा उगाच नाही घेत. स्कोडा-फोक्सवॅगन चालवायला सगळ्यात मजा, हायवेला जमिनीला चिकटून चालतात, पण वर्कशॉप तुमच्याच शहरात असेल तरच.

कोटेशन घेतलं की

सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी बदलला. चार मीटरच्या आतली आणि पेट्रोल-सीएनजी असेल तर १२०० सीसीपर्यंत, डिझेल असेल तर १५०० सीसीपर्यंत, अशा गाडीला १८ टक्के, बाकी सगळ्यांना ४० आणि इलेक्ट्रिकला ५. लांबी कमी पण इंजिन मोठं असेल तरी ४०च लागतात, त्यामुळे दिसायला सारख्या दोन गाड्यांच्या भावात फरक का हे यातून कळतं. वरून महाराष्ट्राचा रोड टॅक्स, १० लाखांपर्यंतच्या पेट्रोलला ११ टक्के आणि डिझेलला १३. मग इन्शुरन्स. तो डीलरकडूनच घ्यायची सक्ती नाही, बाहेरून दोन कोट आणा आणि टेबलावर ठेवा, आकडा लगेच खाली येतो. "हँडलिंग चार्जेस" नावाची ओळ दिसली तर ती कशाची हे लेखी मागा, बहुतेक वेळा ती ओळच गायब होते. अ‍ॅक्सेसरी किटचं पण तसंच, मॅट आणि मडफ्लॅप सोडून बाकीचं बाजारात अर्ध्या भावात मिळतं.

फ्री सर्व्हिस म्हणजे लेबर फ्री. ऑइल, फिल्टर, कूलंटचे पैसे द्यावेच लागतात, आधी विचारून घ्या म्हणजे पहिल्या मोठ्या सर्व्हिसला भांडण नको.

डिसेंबरात डिस्काउंट मोठं राहतं, पण जानेवारीत पासिंग केलं तरी आरसीवर बनल्याचं साल जुनंच येतं आणि विकताना घेणारा तेच धरतो. दहा वर्षं ठेवणार असाल तर डिस्काउंट खुशाल घ्या, चार वर्षांत बदलणार असाल तर हिशोब करून बघा.

आणि शेवटचं काम पासिंगच्या आधीचं. एमएच-१९ असो, १८ असो की ३९, नंबर पडायच्या आधी यार्डात जाऊन तुम्हाला देणार ती गाडी स्वतः बघा. फॉर्म २२ (गाडीसोबत येणारं कंपनीचं सर्टिफिकेट) वर बनल्याचा महिना असतो, तो चेसिस नंबरसोबत जुळवा. टायरवर चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवडा आणि नंतरचे दोन साल, पाचही टायरचे बघा, स्टेपनीचं पण. उन्हात उभं राहून पत्र्यावर तिरकी नजर टाका, कुठे रंगाची छटा वेगळी दिसते का. यार्डात महिनोन्‌महिने उन्हात उभी असलेली गाडी वायपरच्या रबरावरून ओळखू येते, ते चिरलेलं किंवा कडक झालेलं असतं. काही दिसलं तर फोटो काढून सेल्समनच्या व्हॉट्सअ‍ॅपला तिथूनच पाठवा आणि दुसरा पीस मागा. नंबर पडल्यावर हीच गोष्ट सांगायला गेलात तर "टचअप करून देतो साहेब" एवढंच मिळेल.